सॅम सुटला, पण बटलचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या सदरात सिनेमांचे दुःखी शेवट बदलावेत की नाहीत यावर तीन पत्रे आली. तिसऱ्या पत्रात म्हटले होते, की कृत्रिम बुद्धिमत्ता हाताशी असताना प्रेक्षकाला रडवून घरी पाठवण्याचे काही कारणच उरलेले नाही. ते पत्र मी दोनदा वाचले. योगायोगाने त्याच शनिवारी आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत नेमक्या याच विषयावर रात्री पावणेबारापर्यंत वाद रंगला. त्या वादात मी तोंड उघडले नाही. उघडायला हवे होते, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

आमच्याकडची तरुण मुले दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये एक सिनेमा दाखवतात. प्रोजेक्टर गणपतीच्या शिल्लक वर्गणीतून घेतलेला आहे. या वेळी त्यांनी टेरी गिलियम या दिग्दर्शकाचा १९८५ सालचा ‘ब्राझील’ लावला. या सिनेमाचा ब्राझील देशाशी संबंध नाही. आरी बारोझो या तिथल्या संगीतकाराच्या १९३९ सालच्या गाण्याची धून त्यात सतत वाजते, तिच्यावरून हे नाव. सिनेमा आहे कागदावर चालणाऱ्या एका राज्याचा. सगळीकडे नळ्या आणि पाइप, सगळ्याला फॉर्म, आणि सगळ्यांवर नजर ठेवणारे एक माहिती मंत्रालय. त्यात सॅम लाउरी नावाचा एक साधा कारकून. मोठा होण्याची हौस नाही, झोपेत मात्र पंख लावून आकाशात उडतो. मी स्वतः चौतीस वर्षे महसूल खात्यात होतो, टंकलेखक म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. पहिल्या दहा मिनिटांतच मला त्या सिनेमातल्या टेबलांचा वास यायला लागला.

गोष्ट सुरू होते एका किड्यापासून. तो छापणाऱ्या यंत्रात पडतो आणि ‘टटल’च्या जागी ‘बटल’ असे उमटते. टटल हा सरकारला हवा असलेला माणूस, तर बटल हा चपला-बूट दुरुस्त करणारा गरीब संसारी. नाताळच्या रात्री बायकामुलांत बसलेल्या बटलला छताला भोक पाडून उतरलेले शिपाई पोत्यात घालून नेतात, आणि त्याच्या बायकोच्या हातात नवऱ्याची पावती देतात. मग तिला पावती मिळाल्याची पावती तिच्याकडून सही करून घेतात. चौकशीत बटल मरतो. त्या राज्यात चौकशीचा खर्च ज्याची चौकशी झाली त्याच्याकडूनच वसूल होतो. बटलकडून तो चुकून घेतला गेला, म्हणून परताव्याचा चेक निघतो. तो चेक घेऊन सॅम त्या विधवेच्या दारात उभा राहतो आणि ती त्याला विचारते, माझ्या नवऱ्याच्या देहाचे तुम्ही काय केलेत?

पुढे सॅम बटलच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, ट्रक चालवणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो, तिला वाचवायला कागदांत फेरफार करतो आणि पकडला जातो. त्याला खुर्चीत बांधतात. छळ करणारा त्याचा जुना मित्रच. मग अचानक गोळीबार होतो, सुटका होते, सॅम त्या मुलीबरोबर ट्रकमधून हिरव्यागार डोंगरदऱ्यांत पोचतो. हॉलमध्ये तोवर लोकांनी सुटकेचा श्वास सोडला होता. आणि त्याच दृश्यात दोन चेहरे पडद्यावर आडवे येतात, छळ करणाऱ्या मित्राचा आणि उपमंत्र्याचा. सॅम खुर्चीतच आहे. सुटका त्याच्या डोक्यात झाली आहे. तो तीच धून गुणगुणतो आहे. आता हा आपल्या हाती लागणार नाही, असे म्हणून ते दोघे निघून जातात.

दिवे लागले आणि कल्ला सुरू झाला. बी विंगचे सीए म्हणाले, सॅम जिंकला, कारण शेवटी त्यांना त्याचे मन मिळाले नाही. शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी ताडकन उठली आणि म्हणाली, वेडा झालेला माणूस जिंकला असे म्हणणे म्हणजे छळ करणाऱ्याला सूट देणे आहे. ऐरोलीला आयटी कंपनीत असलेला मुलगा म्हणाला, दोघे भांडू नका, शेवटची दोन मिनिटे कापली की झाले. मी तर तो ट्रक डोंगरातल्या घरापर्यंत नेऊन दाखवीन, आठवड्याचे काम आहे. त्यावर टाळ्या पडल्या.

या सगळ्यांत एकाच बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान गेल्या वर्षी गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, “घरात दुःख कमी आहे का, म्हणून आणखी बाहेरून आणायचं?” त्यांनी हा सिनेमा बघावाच असे मी कधीही म्हणणार नाही. न बघण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण न बघणे वेगळे आणि बदलून घेणे वेगळे.

रविवारी सकाळी कुणीतरी शोधून काढले, की असा गोड शेवट आधीच झालेला आहे. अमेरिकेतल्या युनिव्हर्सल कंपनीला हा शेवट नको होता. युरोपात १४२ मिनिटांचा सिनेमा फेब्रुवारी १९८५ मध्येच लागला, पण अमेरिकेत तो अडकला. कंपनीने कापून ९४ मिनिटांची आवृत्ती तयार केली, तिच्यात सॅम आणि ती मुलगी खरोखरच सुटतात. गिलियमने ‘व्हरायटी’ या चित्रपट व्यवसायाच्या पत्रात पानभर जाहिरात देऊन कंपनीच्या प्रमुखाला नाव घेऊन विचारले, माझा सिनेमा कधी लावणार? मग त्याने तो समीक्षकांना गुपचूप दाखवला. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी डिसेंबर १९८५ मध्ये, अमेरिकेत प्रदर्शित न झालेल्या या सिनेमाला वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवले, तेव्हा कंपनीचा नाइलाज झाला. सिनेमा थोडा कापलेला पण शेवट तोच ठेवून लागला. ती ९४ मिनिटांची प्रत पुढे तिथल्या टीव्हीवर दाखवली गेली. तिची शेवटची दहा मिनिटे रविवारी आमच्या हॉलमध्ये लावली. बहुतेकांना आवडली.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून देता येत नाही. २०१३ सालच्या ‘रांझणा’ची तमिळ प्रत गेल्या वर्षी, म्हणजे १ ऑगस्ट २०२५ ला, कृत्रिम बुद्धिमत्तेने शेवट बदलून पुन्हा थिएटरात लावली गेली, मेलेला नायक उठून बसला. दिग्दर्शक आनंद राय यांनी आणि नायकाचे काम केलेल्या धनुष यांनी जाहीर विरोध केला. ‘शोले’चे तर आपल्याला ठाऊकच आहे. ठाकूर गब्बरला पायांनी ठार मारतो हा मूळ शेवट आणीबाणीत सेन्सॉरने मान्य केला नाही, म्हणून पोलिसांना आणून उभे केले. मूळ शेवट पडद्यावर यायला पन्नास वर्षे जावी लागली. शेवट बदलणारा सेन्सॉर असो, कंपनी असो की लॅपटॉप घेतलेला आमच्याच सोसायटीतला गुणी मुलगा असो, प्रत्येकाला लोकांचे भलेच करायचे असते.

आपल्या ठाण्याच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे त्या राम गणेश गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’त दारुड्या नवऱ्यापायी मरणाऱ्या सिंधूला वाचवले नाही. १९१९ साली बालगंधर्व सिंधू झाले तेव्हाही नाही आणि पुढे कुणी केली तेव्हाही नाही. माझी आई चरईत राहायची, हे नाटक तिने कितीदा पाहिले याची गणती नाही. प्रत्येक वेळी डोळे सुजवून घरी यायची. सिंधू जगायला हवी होती, असे ती शेकडो वेळा म्हणाली असेल. पण गडकऱ्यांनी तिला जगवायला हवे होते, असे तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. ती सिंधूसारख्या बायका ओळखत होती. आमच्या चाळीतच दोन होत्या.

आता मी जे बोललो नाही ते सांगतो.

डिसेंबर १९८६ मध्ये मी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत टंकलेखक होतो. वसुलीच्या नोटिसांचा गठ्ठा होता, कार्बन घालून चार-चार प्रती काढायच्या. एका नोटिशीत खातेदाराच्या वडिलांच्या नावातला ‘ळ’ माझ्या हातून ‘ल’ झाला. त्या गावात ‘ळ’चा मुलगा वेगळा आणि ‘ल’चा मुलगा वेगळा, बाकी नाव-आडनाव एकच. टंकले मी, तपासले दुसऱ्याने, सही केली तिसऱ्याने, बजावली चौथ्याने. ज्याच्यावर एक पैचे देणे नव्हते त्याच्या हातात नोटीस पडली. थकबाकी अकराशे चाळीस रुपयांची, आणि न भरल्यास जप्ती. तो माणूस एसटीने तालुक्याला सहा वेळा आला. प्रत्येक वेळी त्याला सांगितले, तुम्ही तो नाही याचा दाखला आणा. सातव्या वेळी तो आला तो पैसे भरायलाच. पौषात म्हसाच्या जत्रेत त्याने बैलजोडी विकली होती.

चूक माझ्या लक्षात आली ती आवक-जावक रजिस्टर जुळवताना, मे महिन्यात. मी टिपणी लिहिली. टिपणीवर शेरे पडले, शुद्धिपत्रक निघाले, परताव्याचा प्रस्ताव वर गेला, मार्चअखेर झाली, तो परत आला, पुन्हा गेला. चौदा महिन्यांनी रक्कम मंजूर झाली. तो मंजुरीचा कागद मी स्वतः त्याच्या घरी घेऊन गेलो, नियमात नव्हते तरी. अंगणात गोठा रिकामा होता, दावणीचे दोर खुंट्याला तसेच होते. त्याने कागद उलटा-सुलटा करून पाहिला. वाचता येत नव्हते. म्हणाला, “सायेब, ह्यात माझ्या बैलांचं काय लिवलंय?”

मी चहा न घेता निघालो. बसस्टॉपपर्यंत तो सोडायला आला, हे मला अजून सहन होत नाही.

त्या विधवेने सॅमला विचारलेला प्रश्न ऐकला तेव्हा मी खुर्चीत ताठ झालो. आणि नंतर पावणेबारापर्यंत चाळीस माणसे सॅम जिंकला की हरला यावर भांडत राहिली, तेव्हा एकाच्याही तोंडी बटलचे नाव आले नाही. ना त्याच्या बायकोचे, ना त्या पावतीचे. सगळ्यांना सॅमची काळजी, कारण सॅम आपल्यासारखा आहे, शिकलेला, स्वप्ने बघणारा. बटल सुरुवातीला दिसला आणि गेला.

माझे म्हणणे एवढेच आहे. सॅम ट्रकमध्ये बसून हिरव्या डोंगरात गेला, की बटलची गोष्ट ही सॅमच्या प्रेमकथेची नुसती सुरुवात होऊन बसते. किडा पडला, गडबड झाली, दोघे भेटले, सुटले. मग चांगला कारकून निसटू शकतो आणि यंत्र मागे राहते, असा दिलासा घेऊन आपण जेवायला जातो. गिलियमने तो दिलासा आधी पुरता हातात दिला आणि मग काढून घेतला. मुद्दाम काढून घेतला. ज्या खुर्चीत बटल मेला तशाच खुर्चीत सॅमला ठेवून तो आपल्याला बटलपाशी परत आणतो. नाहीतर त्या माणसाकडे परत जायला सिनेमात दुसरी वाट नाही. सीएसाहेबांचे आणि त्या मुलीचे भांडण मला म्हणूनच खरे वाटले, दोघेही त्या खुर्चीपाशी उभे राहून भांडत होते. ट्रक घरापर्यंत नेला असता तर भांडायला काहीच नव्हते.

आमच्या ऐरोलीच्या मुलाचा मला राग नाही. तो मनाने फार चांगला आहे, माझ्या पेन्शनचा ऑनलाइन हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात तोच भरून देतो. गेल्या खेपेला माझ्या बोटाचा ठसा यंत्राने तीनदा नाकारला, तेव्हा चौथ्या प्रयत्नापर्यंत तो माझ्याइतकाच घाबरला होता. त्याला हे पत्र वाचायला देणार आहे. आठवडाभर खपून त्याला काही करायचेच असेल, तर त्याने बटलच्या घरी काय झाले ते करून दाखवावे. ती मुले मोठी झाली का, छताचे भोक कुणी बुजवले, तो चेक तिने वटवला का. ते मी पहिल्या रांगेत बसून बघेन.

सोसायटीच्या स्नेहसंमेलनात दोन्हींपैकी कोणती आवृत्ती दाखवायची यावर येत्या रविवारी संध्याकाळी सहाला हात वर करून मत घेणार आहेत. मत घेण्याआधी त्या नाताळच्या रात्रीचे आणि त्या विधवेच्या दारातले, अशी दोन दृश्ये पुन्हा एकदा लावावीत, अशी चिठ्ठी मी सचिवांना दिली आहे. ती लावली तर या वेळी मी उठून बोलेन, आणि बैलांपासून सुरुवात करेन.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून
पाचपाखाडी, ठाणे पश्चिम