अठ्ठावन्नाव्या वर्षानंतरचा हिशेब

गिरगाव, मुंबई
2 नोव्हेंबर 2025

चि. सौ. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाडव्याला तुम्ही दोघे जेवायला आलात तेव्हा निवृत्तीचा विषय निघाला आणि जावईबापू म्हणाले, "घर आहे, पीएफ आहे, होईल सगळे व्यवस्थित." तूही मान डोलावलीस. सणाच्या पानावर मी हा विषय वाढवला नाही, पण तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. फोनवर आकडे नीट सांगता येत नाहीत, म्हणून हे पत्र. ते तुम्ही दोघांनी एकत्र बसून वाचावे.

1985 पासून 2018 पर्यंत पोस्टाच्या आर.डी.ची, म्हणजे दरमहा हप्ता भरायच्या ठेवीची, एजंट म्हणून मी फणसवाडी, मुगभाट, ठाकूरद्वार इथल्या चाळींचे जिने चढले, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. हप्ता घ्यायचा, कार्डावर रकमेपुढे सही करायची आणि पुढच्या दारी जायचे, असे ते काम होते. त्या कार्डांवरून मला प्रत्येक घराची ओढाताण कळत असे. जून आला की मुलांच्या प्रवेशासाठी खाती मोडायला सुरुवात होई. तीन वर्षे झाली की खाते मोडता येते, पण मग व्याज साध्या बचत खात्याचेच मिळते, हे मी प्रत्येकीला सांगत असे आणि शेवटी फॉर्मही मीच भरून देत असे. मुदत पूर्ण झालेली रक्कमसुद्धा लग्नात, नाहीतर गावच्या घराच्या छपरात जाई. केवळ स्वतःच्या म्हातारपणासाठी ठेवलेले खाते मला क्वचितच दिसले. नवऱ्याला वाटे की बायको पोस्टात टाकते आहे, बायकोला वाटे की त्यांचा फंड आहे, आणि एकमेकांचा नेमका आकडा दोघांनाही ठाऊक नसे.

आपल्या घरीही हेच झाले. तुझे बाबा 2006 साली निवृत्त झाले तेव्हा फंडाचे पैसे मिळाले, त्यातले बरेचसे तुझ्या लग्नात आणि त्यांच्या बायपासमध्ये गेले. दोन्ही खर्च आवश्यकच होते, त्यांबद्दल मला खंत नाही. खंत आहे ती एवढीच, की चाळिशीत आम्ही दोघांनी कधी एकत्र बसून पुढचा विचार केला नाही. त्यांना भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून महिना 1,940 रुपये पेन्शन होती. 2019 मध्ये ते गेल्यावर नियमाप्रमाणे त्याची निम्मी रक्कम माझ्या वाट्याला आली, आणि ती 1,000 रुपयांपेक्षा कमी भरत असल्यामुळे किमान म्हणून 1,000 रुपये मिळतात. माणूस गेले म्हणून खोलीचे भाडे किंवा गॅसचा सिलिंडर काही निम्मा झाला नाही. पेन्शन निम्मी होते हे मला त्यांच्या निधनानंतर बँकेच्या पासबुकात ती नोंद पाहून कळले, आधी नाही. आपल्याकडे बायका बहुधा नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात आणि अधिक वर्षे जगतात, त्यामुळे हा हिशेब तू स्वतः समजून घ्यायला हवा.

आता तुमच्याकडे पाहू. जावईबापू 46 वर्षांचे आहेत, तू 43 वर्षांची आहेस. कर्जाचा हप्ता आणि मुलांची फी वगळून तुमचा घरखर्च महिना साधारण 80,000 रुपये आहे, असे तूच सांगितले होतेस. महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो, म्हणजे जावईबापू 58 वर्षांचे होतील तेव्हा याच राहणीला महिना 1,60,000 रुपये लागतील. त्या वेळी येणार काय? त्यांनी 2009 मध्ये नोकरी बदलताना पहिल्या फ्लॅटच्या डिपॉझिटसाठी पीएफ काढला, त्याबरोबर पेन्शनच्या खात्यातली तोवरची वर्षेही गेली. त्या योजनेत मालकाच्या हिश्श्यातून 15,000 रुपये पगाराच्या मर्यादेवरच रक्कम जाते, म्हणजे महिना 1,250 रुपये. पगार लाखात असला तरी आजच्या नियमाने त्यांची पेन्शन सहा हजारांच्या आतबाहेरच बसेल. तुझा पीएफ तू 2013 मध्ये बाळासाठी नोकरी सोडलीस तेव्हा काढलास, त्यामुळे आज तुझ्या नावावर सातच वर्षांची जमा आहे.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि सध्या 8.2 टक्के व्याज दर तिमाहीला मिळते. तुम्ही दोघांनीही ती मर्यादा पूर्ण भरली, म्हणजे 60 लाख रुपये ठेवले, तरी महिन्याला 41,000 रुपये येतील, त्यावर कर असेल आणि ती रक्कम महागाईबरोबर वाढणार नाही. लागणार आहेत 1,60,000. हा आकडा मी तीन वेळा मांडून पाहिला, तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नाही.

घर आहे हे खरे, पण त्या घरावर 2019 मध्ये घेतलेले वीस वर्षांचे कर्ज जावईबापूंच्या निवृत्तीनंतरही दोन वर्षे चालणार आहे, आणि राहत्या घराची किंमत कोटीत असली तरी ते विकल्याशिवाय त्यातून महिन्याचा किराणा येत नाही. दोन खोल्यांच्या लहान घरात जाण्याची तुमची तयारी असेल तर तो मार्ग चांगला आहे, परंतु तो आताच बोलून ठरवावा.

मनू, तू मला दर महिन्याला 12,000 रुपये पाठवतेस. त्यावर माझे औषधपाणी चालते आणि त्यासाठी मी तुझी ऋणी आहे. पण आम्ही जे साठवले नाही ते आज तू भरते आहेस, आणि ते तुमच्याच बचतीतून जाते, हे मला कळते. तुमच्या मुलांना हे भरावे लागू नये. मुलांच्या कॉलेजसाठी शैक्षणिक कर्ज मिळते, म्हातारपणासाठी असे कर्ज कोणी देत नाही. म्हणून धाकट्याच्या क्लासची महागडी फी ठरवण्याआधी तुझ्या नावावर पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते, उघड. वर्षाला दीड लाख, म्हणजे महिना 12,500 रुपये भरलेस, तर आजच्या 7.1 टक्के दराने पंधरा वर्षांत साधारण साडेएकोणचाळीस लाख होतात, आणि त्यावर कर नाही. त्याने सगळी तूट भरून निघणार नाही, जावईबापूंना पगारवाढीतला हिस्सा दरवर्षी वेगळा काढावाच लागेल. पण सुरुवात तरी होईल.

येत्या रविवारी दोघे या. जावईबापूंच्या पीएफचे पासबुक, जुन्या नोकरीचे कागद, विम्याच्या पॉलिसी आणि कर्जाचा तक्ता बरोबर आणा. प्रत्येक खात्यावर नॉमिनी म्हणून कोणाचे नाव आहे तेही पाहून ये, कारण लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर अजून तुझ्या सासूबाईंचे नाव असण्याची शक्यता आहे. मी बाबांची वही आणि माझी जुनी कार्डे डब्यातून काढून ठेवते. सकाळी दहापर्यंत पोहोचा, म्हणजे जेवणाआधी निम्मे तरी काम होईल.

जावईबापूंना व मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आई