ती पावडर मी का पाठवली नाही

कराड, रविवार रात्र

प्रिय सुनील,

काल फोनवर तू दोनदा विचारलंस, छकुलीसाठी ती पोटाची पावडर, म्हणजे प्रोबायोटिक, पोटातल्या चांगल्या जिवाणूंची पुडी, कुरियरला टाकली का म्हणून. काउंटरवर गर्दी होती, मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. पण ती मी पाठवणार नाहीये. का, ते नीट सांगायला हवं, म्हणून दुकान बंद करून लिहायला बसलोय.

तुझ्या शेजारणीच्या बाळाला ती लागू पडलीही असेल. पण ते बाळ भरल्या दिवसांचं, तीन किलोचं, घरात खेळणारं. आपली छकुली सातव्या महिन्यात आली, तेराशे ग्रॅमची, अजून काचेच्या पेटीत आहे. अशा बाळाच्या आतड्याचं अस्तर कच्चं असतं, प्रतिकारशक्ती नावालाच. पोटात घातलेले जिवाणू तिथून रक्तात उतरू शकतात. पोटात गुणाचा असलेला जिवाणू रक्तात गेला की घात करतो.

2023 मध्ये अमेरिकेत असंच झालं. हजार ग्रॅमच्या आतल्या एका बाळाला रुग्णालयात प्रोबायोटिक दिलं होतं. ते सेप्सिसने, म्हणजे रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने गेलं. रक्तातला जिवाणू आणि त्या उत्पादनातला जिवाणू यांची जनुकं तपासली, तर ती जुळली. मग तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने डॉक्टरांना इशारा दिला. त्याआधी 2014 मध्ये गर्भाच्या 29 व्या आठवड्यातच जन्मलेल्या एका बाळाला दिलेल्या पावडरीतच बुरशी निघाली, तीच त्याच्या आतड्यात पसरली. तेही वाचलं नाही. ती पावडर औषध म्हणून नव्हे, पूरक आहार म्हणून विकली जात होती. आपल्याकडेही कित्येक पुड्यांवर औषधाचा नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांचा परवाना असतो. कधी पुडी उलटून बघ.

आणि ती फाडताना बघितलंयस? टोक तुटलं की बारीक धूर उडतो, बोटांना चिकटतो. मी रोज बघतो. यीस्टच्या, म्हणजे एका बुरशीच्या प्रोबायोटिक पुडीची पावडर अशी हातावरून सलाइनच्या नळीपर्यंत जाऊन, ती न घेतलेल्या शेजारच्या रुग्णाच्या रक्तात पोचल्याच्या नोंदी आहेत. छकुलीच्या अंगाला किती नळ्या आहेत, तूच सांगितलंस.

याचा अर्थ प्रोबायोटिक वाईट, असं नाही. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर मोठा अभ्यास झाला, 2017 मध्ये छापून आला. सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जिवाणू दिला, तर सेप्सिस आणि मृत्यू मिळून 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण ती बाळं किमान दोन किलोंची, पस्तीस आठवड्यांपुढची होती. कमी दिवसांच्या बाळांचं आतडं कुजण्याचा जो आजार असतो, एनईसी, तोही काही जिवाणूंनी कमी झालेला दिसलाय. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये म्हटलंय की 32 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या, आईच्या दुधावरच्या बाळांसाठी प्रोबायोटिकचा विचार करता येईल. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मात्र सरसकट द्या म्हणत नाहीत. जाणत्यांचंच एकमत नाही, तिथे मी दुकानातून पुडी पाठवणं पाप आहे रे.

डॉक्टरांना मोकळेपणाने विचार: देणार का, नेमका कुठला जिवाणू, किती दिवस, आणि ताप किंवा पोट फुगलं तर काय करणार. ते नको म्हणाले तर नको. ते देणार असतील तर त्यांच्याच हातून, त्यांच्या देखरेखीखाली. घरून नेलेलं काही गुपचूप देऊ नका. काकूंना माझ्या नावाने सांग, घरी आणल्यावरही वर्षभर बोटाला लावून मध चाटवायचा नाही. त्यातही जिवाणूंचे बीजाणू असतात, लहान बाळाला लकवा होऊ शकतो.

वहिनीचं दूध मात्र थेंबथेंब असलं तरी पोचव. त्यात अशा साखरा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत, त्याच्या पोटातल्या चांगल्या जिवाणूंसाठीच असतात. दूध कमी पडत असेल तर दूधपेढीची चौकशी कर. मुंबईत सायनला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली सुरू केली, आता पुष्कळ ठिकाणी आहेत. डबाबंद दूधपावडरीच्या आधी ते विचार.

गुरुवारी सकाळच्या एसटीने निघतो. आईने वहिनीसाठी अळिवाचे लाडू केलेत, ते आणतोय. तोवर छकुलीचं वजन रोज रात्री कळवत जा, दहा ग्रॅम वाढलं तरी.

तुझा,
विजय