रविवारी आयएफकॉम्पचे गेम खेळायला जमायचंय

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ९ वाजता हुतात्मा बागेत भेटू. आयएफकॉम्प (इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन) म्हणजे वाचत वाचत खेळायच्या मजकुरी गेमची १९९५ पासून दरवर्षी होणारी स्पर्धा. तिच्यातले गेम खेळून गुण द्यायचेत.

• प्रत्येकाने किमान ५ गेमना १ ते १० पैकी गुण द्यावेत. त्याहून कमी दिलेत तर मत धरलं जात नाही.
• गुण पहिल्या दोन तासांच्या खेळावरच. पुढे गेम कितीही रंगला तरी आकडा बदलायचा नाही.
• ट्वाइनचे (या साधनात बनवलेले, लिंकवर टॅप करत खेळायचे) गेम मोबाईलवर चालतात, पण आज्ञा टाइप करायच्या गेमना मोबाईल म्हणजे वैताग! लॅपटॉप चार्ज करून आणा.
• शेवट फोडू नका. मागच्या वेळी एकाने फोडलाच. यंदाचा चहा त्याच्याकडून.

येणार असाल तर शनिवारपर्यंत कळवा.