शांत संगणकाचा हिशेब पंख्यापासून सुरू होतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत घरच्या घरी जोडलेल्या वॉटर कूलिंगवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती आणि जोडणाऱ्याचा हात स्वच्छ आहे हे नळ्यांच्या वळणांवरून कळत होते. पण ‘पाण्याने थंड होणारा संगणक आवाज करत नाही’ असे एक वाक्य त्यात सहज येऊन गेले आहे. त्यावर विसंबून कुणी सुटे भाग मागवून बसला, तर तो माझ्यासारखाच फसेल. म्हणून हे लांबलचक पत्र.

मी दृष्टिहीन वाचकांसाठीच्या बोलत्या पुस्तकांचे ध्वनिसंपादन करते. वाचणारी व्यक्ती, मायक्रोफोन आणि संगणक हे तिघेही एकाच खोलीत असतात. ऐकणाऱ्याला पानाचा आधार नसतो, त्याच्याकडे फक्त आवाज असतो. दोन वाक्यांमधल्या विरामात यंत्राची घुंई ऐकू आली की तो पुस्तकातून बाहेर फेकला जातो. आवाजातली खरखर काढणारी हल्लीची सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावर चालतात, त्यामुळे ताकदीचे कार्ड मला टाळता येत नाही. माझे कार्ड ३२० वॉटचे आहे आणि भरात असताना प्रोसेसर आणखी १३० वॉट खातो. खोलीत साडेचारशे वॉटची शेगडीच म्हणायची.

पाणी उष्णता संपवत नाही. प्रोसेसर आणि कार्डावर बसवलेल्या ब्लॉकमधून, म्हणजे आतून पाणी वाहणाऱ्या धातूच्या ठोकळ्यांमधून, ती उचलते, रेडिएटर नावाच्या पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत नेते आणि तिथे खोलीच्या हवेच्या हवाली करते. पाण्याचे काम हमालाचे. हवा ढकलायला शेवटी पंखे लागतातच, आणि शिवाय पंप नावाची आवाज करणारी एक नवी वस्तू यंत्रात येऊन बसते. नीट न आखलेले वॉटर कूलिंग चांगल्या एअर कूलरपेक्षा, म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या साध्या पंख्याच्या कूलरपेक्षा, जास्त आवाज करू शकते. माझे पहिले तसेच होते.

त्या पहिल्या जोडणीत प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मी एकाच २४० मिलिमीटरच्या रेडिएटरवर टाकले होते. तापमान काबूत ठेवायला दोन पंखे मिनिटाला १५०० फेऱ्यांवर आणि पंप पूर्ण वेगात, ४८०० फेऱ्यांवर. रेकॉर्डिंग उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या वेळी कोणता सूर किती आहे हे दाखवणारे चित्र, पाहिला तर दोन सरळ रेषा, जणू पट्टीने आखलेल्या. एक ८० हर्ट्झवर : ४८०० भागिले ६०, म्हणजे पंप. दुसरी २२५ वर : पंख्याला ९ पाती, सेकंदाला २५ फेरे, नऊ गुणिले पंचवीस. स्त्रीच्या आवाजाचा मूळ स्वर याच पट्ट्यात असतो. त्या दिवशी वाचणाऱ्या बाईंचा आवाज मऊ आणि खोल होता. ती २२५ ची रेषा काढायला गेले की त्या आवाजाचा गाभाच निघून जात होता. तीन तासांचे रेकॉर्डिंग टाकून द्यावे लागले, आणि त्यांना पुन्हा तेच वाचा असे सांगताना मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या वेळी स्क्रू ड्रायव्हरच्या आधी कागद घेतला. आणि इथेच मला जे सांगायचे आहे ते आहे : लोक रेडिएटर आधी घेतात, पंखे त्याला जोडतात आणि वेग शेवटी ठरतो. शांतता हवी असेल तर हा क्रम उलटा हवा. रात्री सगळे बंद करून मी एकच पंखा मायक्रोफोनपासून नेहमीच्या अंतरावर टांगला आणि वेग कमी कमी करत गेले. ६०० फेऱ्यांवर आल्यावर रिकाम्या खोलीच्या आणि पंख्यासकटच्या रेकॉर्डिंगमध्ये मला फरक सापडेना. तो आकडा मी कागदाच्या माथ्यावर लिहिला. पुढचे सगळे त्याच्या खाली बसवायचे, त्याला हात लावायचा नाही.

मग उष्णता. ती हलवण्याआधी कमी करता येते, आणि हे काम फुकट होते. कार्डाची वीजमर्यादा ३२० वरून २५० वॉटवर आणली, प्रोसेसरची ११० वर. माझ्या कामाला लागणारा वेळ जेमतेम वाढला, चहाच्या घोटाएवढासुद्धा नाही. साडेचारशेचे तीनशे साठ झाले. ज्यांना यापुढे काहीच करायचे नाही त्यांनी निदान एवढे करून पाहावे. फक्त प्रोसेसरची उष्णता छळत असेल तर दोन १४० मिलिमीटर पंख्यांचा मोठा एअर कूलर पुरतो, पाण्याच्या वाटेला जायचे कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता रेडिएटर. १२० मिलिमीटरचा एक तुकडा, पंखा ६०० वर, पाणी खोलीपेक्षा १० अंशांनी गरम, अशा स्थितीत तो ५० वॉट बाहेर टाकेल असे मी धरले. जास्त धरण्यापेक्षा कमी धरलेले बरे. पाणी आणि हवा यांच्यातला फरक वाढेल तशी ही क्षमता साधारण त्याच प्रमाणात वाढते. ३६० चे दोन रेडिएटर म्हणजे असे सहा तुकडे. ३६० वॉट भागिले सहा, तुकड्यामागे ६० वॉट. म्हणजे पाणी खोलीपेक्षा १२ अंश वर राहील. खोलीत २७ अंश असतील तर पाणी ३९. हे मला चालणारे होते. खोलीच्या हवेपेक्षा पाणी थंड कधीच होणार नाही, हेही यातच आले.

‘दोनाचे सहा पंखे केलेस, मग आवाज वाढणार नाही का?’ असे मला बरेच जण विचारतात. तशाच सहा पंख्यांचा आवाज दोन पंख्यांपेक्षा जवळपास ५ डेसिबलने वाढतो, हे खरे. पण पंख्याचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो. १५०० वरून ६०० वर आले की एकेक पंखा सुमारे २० डेसिबल खाली येतो. वजाबाकी करा : सहा पंखे दोघांपेक्षा १५ डेसिबलने शांत. मोठा रेडिएटर घ्यायचा तो थंडाव्यासाठी कमी आणि या वजाबाकीसाठी जास्त. मात्र हळू पंख्यांच्या समोर विरळ फिनचा, म्हणजे पातळ पत्र्यांमध्ये जास्त अंतर असलेला, रेडिएटर हवा. दाट फिनमधून ६०० फेऱ्यांची हवा पुढे सरकत नाही. आणि हवा आत ओढणारा पंखा लोखंडी जाळीला चिकटून बसवू नये. पाती जाळीजवळून गेली की गुणगुण उठते, बोटभर अंतर ठेवले की ती जाते.

पंपाबाबत आपल्या लेखात ‘जितका प्रवाह जास्त तितके चांगले’ असे आहे. जरा हिशेब करून पाहू. मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल तर ७० वॉटमागे पाणी एक अंश तापते. तीन लिटर प्रवाह धरला तर अंशामागे २१० वॉट. म्हणजे माझे ३६० वॉट घेऊन संपूर्ण फेरीत पाणी दोन अंशांनीसुद्धा तापत नाही. प्रवाह दुप्पट करून त्यातला एखादा अंश वाचेल, पण पंपाचा सूर दुप्पट वर जाईल. याच कारणाने कोणता भाग आधी, कोणता नंतर याचीही फार चिंता करू नये. टाकी तेवढी पंपाच्या वर असावी, कारण डी-५ सारख्या पंपांचे बेअरिंग पाण्यावरच चालते आणि कोरडा फिरवला तर तो खराब होतो. माझा डी-५ पाच पायऱ्यांचा आहे. तो दुसऱ्या पायरीवर ठेवला आहे.

तरीही रेकॉर्डिंगमध्ये एक बारीक धडधड राहिली होती. खोलीत कान लावला तर ऐकू येईना, मायक्रोफोनला मात्र येत होती. दोन दिवस शोधले. शेवटी टेबलावर हाताचा तळवा ठेवला आणि कळले : पंपाची कंपने कॅबिनेटमधून टेबलात आणि टेबलातून मायक्रोफोनच्या स्टँडमध्ये चढत होती. पंप जाड स्पंजवर बसवला, स्क्रूंना रबरी वॉशर घातले, संगणक टेबलावरून उतरवून जमिनीवर ठेवला. रेषा पुसली गेली. काचेसारख्या दिसणाऱ्या कडक नळ्या मी याच कारणाने घेतल्या नाहीत. छायाचित्रात त्या शोभतात, पण पंपाची थरथर एका भागातून दुसऱ्यात जशीच्या तशी पोचवतात. काळ्या रबरी, ईपीडीएमच्या नळ्या दिसायला साध्या आहेत. त्या थरथर गिळतात.

पंख्यांचा वेग कशावर ठरवायचा, हा मुद्दा लेखात अजिबात आला नाही आणि माझ्या मते तो निम्मे काम आहे. मदरबोर्ड नेहमी प्रोसेसरच्या तापमानाकडे बघून पंखे फिरवतो. एखादी मोठी फाइल उघडली की ते तापमान क्षणात वीस-तीस अंश उडी मारते, पंखे ‘हूंऽऽ’ करून वर जातात आणि लगेच खाली येतात. कान सततच्या मंद आवाजाला सरावतो, या चढउताराला सरावत नाही. पाण्याचे तसे नाही. लूपमधले, म्हणजे पाणी फिरते त्या बंद मार्गातले, एक लिटर पाणी एका अंशाने तापायला ४,१८६ ज्यूल लागतात. माझे सगळे ३६० वॉट एकदम त्यात ओतले तरी एका अंशाला जवळपास १२ सेकंद जातात. वीस सेकंदांच्या धावपळीची पाण्याला दखलही घ्यावी लागत नाही. म्हणून नळीच्या मार्गात पाण्याचे तापमान मोजणारा छोटा सेन्सर बसवावा आणि पंखे त्याच्या हवाली करावेत. माझे पंखे पाणी ४० अंश होईपर्यंत ६०० वरून हलत नाहीत.

एक इशारा मात्र छापावा ही विनंती. पहिल्या जोडणीतला माझा रेडिएटर ॲल्युमिनियमचा होता आणि ब्लॉक तांब्याचे. खोक्यावर धातू लिहिलेला नव्हता. मी विचारले नाही आणि विकणाऱ्याने सांगितले नाही. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. आठ महिन्यांनी कार्डाचे तापमान चढू लागले. ब्लॉक उघडला तर तांब्याच्या केसाएवढ्या बारीक खाचांमध्ये राखाडी चिखल भरलेला. जुन्या टूथब्रशने तो काढताना एकेक खाच मोकळी होत होती आणि खाली डाग राहत होते. तांबे, पितळ, निकेल एकमेकांत चालतात, ॲल्युमिनियम नको. पाणी डिस्टिल्ड, त्यात गंजरोधक आणि शेवाळ रोखणारे द्रव्य, एवढे पुरे. दुधाळ रंगाचे द्रव सुंदर दिसतात, पण त्यांतले कण त्याच खाचांत जाऊन बसतात.

पाणी भरण्याआधी लूपमध्ये छोट्या हातपंपाने हवेचा दाब भरून अर्धा तास दाबमापकाचा काटा पाहावा. काटा उतरला नाही तरच पाणी. मग फक्त पंपाला वीज द्यायची, बाकी सगळे बंद, आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर. सर्वांत खालच्या जागी पाणी काढायचा एक कॉक ठेवावा. तो ठेवला नाही तर पुढच्या वर्षी पश्चात्ताप होतो.

पहिले दोन दिवस नळ्यांतून खळखळ ऐकू येईल. ती अडकलेली हवा असते. कॅबिनेट दोन्ही हातांनी हळूहळू मागे-पुढे कलते करायचे, रेडिएटरच्या कोपऱ्यातला बुडबुडा सुटून टाकीत येतो. मी रात्री दिवा लावून टाकीकडे बघत बसले होते. शेवटचा मोठा बुडबुडा वर येऊन फुटला आणि खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ते घड्याळ त्या खोलीत वर्षानुवर्षे होते.

त्यानंतर आणखी एक आवाज समोर आला : ग्राफिक्स कार्डातली विजेच्या गुंडाळ्यांची बारीक किणकिण. पंख्यांच्या आवाजाखाली ती झाकलेली होती. पाणी तिला काही करू शकत नाही. वीजमर्यादा कमी केल्याने ती पुष्कळ उतरली होती, उरलेली आता माझ्या मायक्रोफोनपर्यंत पोचत नाही.

तेव्हा आपल्याला एकच विनंती. यापुढे अशा संगणकाचे छायाचित्र छापाल तेव्हा त्याखाली चार आकडे द्यावेत : भाग किती वॉट खातात, खोलीचे तापमान किती, पाण्याचे किती, आणि पंखे मिनिटाला किती फेऱ्यांवर आहेत. प्रोसेसरच्या एकट्या तापमानावरून शांततेबद्दल काहीच कळत नाही. हे चार आकडे एका ओळीत बसतात.

आपली,
एक वाचक, ध्वनिसंपादक