लेकीस पत्र : मंदिरातला अंधार आणि दोन कॅमेरे

शहापूर, बेळगाव

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. प्रबंधासाठी कदंब आणि रट्ट या जुन्या राजघराण्यांच्या काळातल्या मंदिरांची छायाचित्रे तू स्वतःच काढायची ठरवलीस, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. शिष्यवृत्तीतून साठवलेल्या पैशांत लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा घ्यावा की खिशात मावणारा अल्ट्राकॉम्पॅक्ट, असे तू विचारले आहेस. आणि दोन्हींचे मेगापिक्सेल जवळजवळ सारखेच असतील तर लहान आणि स्वस्त तोच का घेऊ नये, असेही पुढे लिहिले आहेस. फोनवर दोन वाक्यांत याचे उत्तर देता आले असते, पण तुला काम कुठे आणि कोणत्या उजेडात करायचे आहे हे मला ठाऊक आहे, आणि स्टुडिओत आयुष्य घालवलेल्या माणसाने आपल्या मुलीला अर्धवट सल्ला देणे बरे नव्हे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मेगापिक्सेलचा विषय संपवू. कॅननचा इक्सस २८५ एचएस आणि सोनीचा २०१२ साली आलेला पहिला आरएक्स१०० हे दोन्ही खिशात मावणारे कॅमेरे आहेत आणि दोघांचेही मेगापिक्सेल २०.२ आहेत. परंतु इक्ससचा सेन्सर, म्हणजे प्रकाश झेलून चित्र उमटवणारा आतला तुकडा, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा आहे, तर आरएक्स१०० चा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटरचा आहे. हा झाला चौपट फरक. त्यातच इक्ससची लेन्स सर्वांत रुंद कोनातही एफ ३.६ पर्यंतच उघडते आणि आरएक्स१०० ची एफ १.८ पर्यंत (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे), त्यामुळे आणखी चौपट फरक पडतो. एकाच शटरवेगाने दोघांनी एकच चित्र टिपले, तर दुसऱ्याच्या सेन्सरवर जवळजवळ सोळापट प्रकाश पडतो, आणि खोक्यावर छापलेला मेगापिक्सेलचा आकडा मात्र दोघांचा एकच. भर दुपारी रस्त्यावर हा फरक तुला जाणवणारही नाही. पण आपल्या किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या, म्हणजे त्या जैन मंदिराच्या, मंडपात शिरलीस की लहान सेन्सरच्या चित्रात खांबांवरची नक्षी दाणेदार होऊन विरघळलेली दिसेल.

कमल बस्तीचेच उदाहरण धरून पुढे लिहितो, कारण तुझ्या प्रबंधात ती येणारच आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, १२०४ साली उभे राहिलेले हे मंदिर. मंडपाच्या छतातून खाली झुकलेले ते कमळ, त्याच्या ७२ पाकळ्या आणि त्या पाकळ्यांत भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर. खांब गडद दगडाचे आणि झिलई केलेले आहेत, उजेड बाजूने आणि तिरपा येतो, आणि कमळाच्या पोटात तर तो पोहोचतच नाही. अशा ठिकाणी कॅमेऱ्यावरचा लहान फ्लॅश लावण्याचा मोह आवर. समोरून पडलेला फ्लॅश झिलईवर पांढरा डाग उमटवतो आणि कोरीव कामाची सावली पुसून टाकतो. सावली गेली की खोली गेली, आणि शिल्पाच्या अभ्यासकाला खोलीच तर हवी असते. ट्रायपॉड लावायचा तर संरक्षित स्मारकांत त्यासाठी पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते. त्या खात्याच्या धारवाड मंडळाचे कार्यालय तू राहतेस त्याच गावात आहे, तेव्हा विभागप्रमुखांचे पत्र जोडून अर्ज आताच दे. परवानगी हाती येईपर्यंत मात्र तुला हातात धरूनच काम करावे लागणार आहे, आणि म्हणून कॅमेरा किती प्रकाश गोळा करतो यावरच तुझी निवड ठरली पाहिजे.

यावर तू म्हणशील की मग मिररलेसच घ्यायला हवा. बरेच लोक इथपर्यंत येतात, दुकानात जातात आणि सोबत मिळणाऱ्या झूम लेन्ससह मिररलेस घेऊन घरी येतात. इथे मी तुला थोडे थांबवू इच्छितो. कॅनन आर५० हा २०२३ साली आलेला, नवशिक्यालाही पेलणारा मिररलेस उदाहरणादाखल घे. त्याचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे ३३२ चौरस मिलिमीटरचा आहे. आरएक्स१०० च्या सेन्सरच्या तो जवळजवळ तिप्पट भरतो. परंतु त्याच्यासोबत येणारी १८-४५ मिलिमीटरची लेन्स रुंद कोनात एफ ४.५ पर्यंतच उघडते, आणि एफ १.८ च्या तुलनेत तिथे सहापटीने प्रकाश कमी होतो. सेन्सरने तिपटीने कमावलेले लेन्स सहापटीने गमावते, म्हणजे अंधाऱ्या मंडपाचे रुंद चित्र घेताना तो छोटा आरएक्स१०० या मोठ्या मिररलेसपेक्षा दुपटीने अधिक प्रकाश गोळा करतो. हा हिशेब दुकानात कोणी सांगत नाही. तो तुझा तू कागदावर मांडून पाहा. एफच्या दोन आकड्यांचा भागाकार करायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सेन्सरच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तराशी त्याची तुलना करायची, एवढेच त्यात आहे.

आता याच मिररलेसची झूम लेन्स काढून त्यावर ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स बसव. तिचे वजन अवघे १६० ग्रॅम आहे आणि कॅननच्या लेन्समध्ये ती स्वस्तातली गणली जाते. या सेन्सरवर तिचा दृश्यकोन जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरच्या ८० मिलिमीटरच्या लेन्सइतका होतो. त्याच कोनापर्यंत आरएक्स१०० झूम केला तर त्याचे ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे तोंड, तोवर बरेच आकसलेले असते, आणि मग मिररलेस पंधरापटींहून अधिक प्रकाश घेतो. लेन्स बदलता येणे हाच मिररलेसचा खरा लाभ आहे, आणि ज्याला लेन्स बदलायचीच नाही त्याने या कॅमेऱ्यासाठी जास्तीचे पैसे का मोजावेत, हे मला आजवर कळलेले नाही.

या ५० मिलिमीटरचा तुला आणखी एक उपयोग आहे. मूर्तीच्या अगदी जवळ जाऊन रुंद कोनाने चित्र काढले तर पुढे असलेला गुडघा किंवा हात फुगतो आणि मागचे मस्तक लहान दिसते. प्रमाणांवर लिहायचे असेल तर असे चित्र पुरावा म्हणून चालत नाही. चार पावले मागे उभे राहून अशा लेन्सने काढलेल्या चित्रात मूर्तीची मापे पुष्कळच खरी उतरतात. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, त्यामुळे मधल्या मंडपात उभे राहिल्यावर मागे सरकायला थोडी जागा मिळेल. गाभाऱ्यातले चित्र घेण्याआधी पुजाऱ्यांना विचार, आणि ते नको म्हणाले तर आग्रह धरू नकोस. संपूर्ण मंडप एका चित्रात बसवायचा असेल तेव्हा मात्र झूम लेन्सचा रुंद कोनच लागेल. तिथे ती कमी प्रकाश घेत असली तरी बिघडत नाही, कारण दगड हलत नाही. कॅमेरा जोत्यावर किंवा जमिनीवर टेकवायचा, सेल्फ टायमर लावायचा आणि शटर सेकंद-दोन सेकंद उघडे ठेवायचे.

माणसे टिपताना ही सवलत मिळत नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक तू लहानपणापासून पाहिली आहेस. रात्रभर चालणाऱ्या त्या गर्दीत ढोल वाजवणाऱ्याचा हात एका क्षणात कुठून कुठे जातो. कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये कंपरोधक यंत्रणा असली, तरी ती तुझ्या हाताची थरथर थोपवते, समोरच्याचा हात ती थोपवू शकत नाही. तिथे शटरवेगच वाढवावा लागतो आणि त्यासाठी पुन्हा मोठा सेन्सर आणि उघडी लेन्स हीच जोडी कामाला येते.

एवढे लिहिले म्हणून मी लहान कॅमेऱ्याला कमी लेखतो असे समजू नकोस. आरएक्स१०० बॅटरीसकट २४० ग्रॅमचा आहे, तर आर५० त्याच्या झूम लेन्ससह ५०० ग्रॅमच्या आसपास जातो, आणि ५० मिलिमीटरची लेन्स त्यावर वेगळी. वडगावातल्या विणकरांच्या घरी तुझ्याबरोबर कधी गेलो, तर मी लहान कॅमेराच खिशात घालून जाईन, कारण मोठी लेन्स समोर आली की मागावर बसलेली म्हातारी माणसे पदर-टोपी सावरून ताठ बसतात आणि काम थांबवतात. लहान सेन्सरचा दुसरा गुण शिलालेख वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावा असा आहे : जवळून चित्र घेताना त्याच्यात पुढचे आणि मागचे दोन्ही स्पष्ट राहते, तर मोठ्या सेन्सरवर उघड्या लेन्सने तिरप्या शिळेची एक ओळ स्पष्ट येते आणि बाकीच्या धूसर होतात. अर्थात मिररलेसवरही एफ ८ लावून आणि कॅमेरा शिळेशी समांतर धरून हे साधता येते, फक्त त्यासाठी उजेड हवा. शिलालेखासाठी एकाजणाला बाजूने टॉर्च धरायला सांग. तिरपा उजेड पडला की झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. हे दोन्ही कॅमेऱ्यांना सारखेच लागू आहे.

उघड्यावर काम करताना व्ह्यूफाइंडरची उणीव भासते. चैत्र-वैशाखातल्या उन्हात राजहंसगडावर उभी राहिलीस तर मागच्या पडद्यावर काहीच दिसणार नाही, आणि पहिल्या आरएक्स१०० ला किंवा इक्ससला डोळा लावायला दुसरी सोयच नाही. आर५० ला ती आहे. सगळ्याच मिररलेसना ती नसते, तेव्हा दुसरे मॉडेल मनात आले तर हे आधी पाहा. रॉ फाइलचेही, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीचेही, तसेच. इक्सस फक्त जेपेग देतो. आरएक्स१०० आणि आर५० रॉ देतात, आणि मंडपातली काळोखी सावली नंतर उजळायची असेल तर रॉशिवाय गत्यंतर नाही.

आपल्याकडचा पावसाळा विसरू नकोस. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, महिनोन्‌महिने हवा ओली असते आणि लेन्सच्या आत बुरशी धरते. चामड्याच्या बंद पिशवीत कॅमेरा कधीही ठेवू नकोस. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून त्यात ठेव आणि ते जेल ओलावले की वाळवून घे. मिररलेसची लेन्स बदलताना सेन्सर उघडा पडतो, म्हणून वाऱ्यात आणि धुळीत ती बदलू नये. धूळ बसलीच तर हातपंप्याच्या ब्लोअरने ती झटकता तरी येते. अल्ट्राकॉम्पॅक्टची नळी आत-बाहेर होताना धूळ आत ओढून घेते, आणि ती काढायची तर सगळा कॅमेराच खोलावा लागतो. पाच-सहा वर्षे वापरायची वस्तू म्हणून पाहिले तर हा मुद्दा मला किमतीपेक्षा मोठा वाटतो.

राहिला इक्ससच्या जातीचा, अगदी लहान सेन्सरचा कॅमेरा. तो तू घेऊ नयेस असे माझे स्पष्ट मत आहे. तुझ्या हातातल्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर बहुधा त्याच्याहून मोठाच असेल. २०१० साली जगभरात दहा कोटींहून अधिक कॉम्पॅक्ट कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते आणि २०२३ पर्यंत तो आकडा वीस लाखांच्याही खाली आला, तो मोबाइलमुळेच. तेव्हा खिशातला घ्यायचा तर एक इंच म्हणवल्या जाणाऱ्या सेन्सरचाच घे, नाहीतर मोबाइलवर भागव.

तुझ्या कामासाठी माझा कौल मिररलेसला आहे, पण एका अटीवर : ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स पहिल्याच दिवशी बरोबर घ्यायची. दोन्ही मिळून पैसे पुरत नसतील तर लेन्स पुढच्या वर्षावर ढकलू नकोस. त्यापेक्षा आरएक्स१०० च्या जातीचा चांगल्या स्थितीतला कॅमेरा घे, मंडपातली रुंद चित्रे तो उत्तम देईल. कमी पडणारी रक्कम मी घालायला तयार आहे आणि त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

पुढच्या सुट्टीत घरी येशील तेव्हा दोन्ही कॅमेरे मी ओळखीच्यांकडून एका दिवसासाठी आणून ठेवतो. सकाळी किल्ल्यात जाऊ, कमळाच्या बरोबर खाली उभे राहून दोन्हींनी सारख्याच शटरवेगाने चित्रे घेऊ, आणि घरी येऊन पाकळ्यांतल्या मूर्ती पूर्ण आकारात शेजारी शेजारी लावून पाहू. येताना लॅपटॉप आण, कारण कॅमेऱ्याच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर पाहून हा निर्णय करता येणार नाही. आईने तुझ्यासाठी कुंदा आणायला सांगितला आहे, तोही त्याच दिवशी आणतो.

तुझे,
बाबा