एका पाटीवरचे रंग

महोदय,

मोबाइलच्या तीस वर्षांवरचा आपला लेख वाचला. कंपन्यांची नावं आली, पण आम्हा दुकानदारांच्या पाट्या राहिल्या! लालबागला माझं पीसीओचं, म्हणजे डब्यात नाणं टाकून बोलायच्या सार्वजनिक फोनचं, दुकान होतं. १९९५ मध्ये मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल या मोबाइल कंपन्या आल्या, तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर, वर येणाऱ्या फोनचेही पैसे. त्यामुळे शेटलोक खिशातला मोबाइल वाजला की नंबर बघून कट करत आणि माझ्या डब्यात रुपया टाकून उलट फोन लावत. मोबाइलनेच माझा धंदा वाढवला म्हणा ना. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि डबा गप्प बसला. मग मीही सिमकार्डं विकायला घेतली.

मॅक्स टचचं ऑरेंज झालं होतंच. त्याच कंपनीचं नाव बाकी देशात हच, मुंबईत मात्र ऑरेंज. पुढे इथेही हच आलं, पाटी गुलाबी. २००७ मध्ये व्होडाफोन, पाटी लाल. कोल्हापूरचा माझा साडू आयडियावाला, माझ्या नेटवर्कवरून कायम टोमणे मारायचा. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या तेव्हा मीच त्याला फोन करून हसलो. २०२० मध्ये नाव वी झालं.

गेल्या महिन्यात शटर घासलं, तर लालखाली गुलाबी, गुलाबीखाली नारिंगी निघाला. नंबर मात्र तोच, ९८२०० वाला.

– एक जुना पीसीओवाला, लालबाग