लेकीला जंतूंच्या कामात येऊ दे

परळ, मुंबई

प्रिय नंदा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "पोरीने साडेपाच वर्षं गुरांची डॉक्टरकी शिकली, आता दवाखाना टाकायचं सोडून जंतूंच्या विषयात एम.व्ही.एस्सी., म्हणजे पुढची पदवी, करायचं म्हणते. तूच समजाव तिला." तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून मी नुसतं हूं हूं केलं. समजवायचं आहे, पण तुला. आणि ते फोनवर जमण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तुमच्या घरच्यांचं म्हणणं मला कळतं. गावात दवाखाना असला की मान असतो. अडलेली म्हैस सुटली की मालक पाया पडतो. प्रयोगशाळेत बसणाऱ्या बाईला कोण ओळखतं? आयुष्यभर मी हेच काम केलं, तरी आमच्या सोसायटीत अजून मला कुत्र्याच्या लशीबद्दलच विचारतात. त्याचं मला दुःख नाही. पण आपण कशासाठी राबतो हे आईला तरी ठाऊक असावं, असं वाटतं.

तुझ्या लेकीला मी एका बाईबद्दल सांगणार आहे, आधी तू ऐक. ॲलिस इव्हान्स. १८८१ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतकऱ्याच्या घरात जन्मली. पुढे शिकायला पैसे नव्हते, म्हणून चार वर्षं शाळेत मुलांना शिकवलं. कॉर्नेल विद्यापीठाने खेड्यातल्या शिक्षकांसाठी निसर्ग-अभ्यासाचा एक मोफत वर्ग काढला होता, त्यात ती गेली आणि तिथेच जंतुशास्त्राने तिला धरलं. १९०९ मध्ये पदवी, पुढच्या वर्षी विस्कॉन्सिनला एम.एस. आणि लगेच सरकारच्या कृषी खात्यात, दुग्ध विभागात नोकरी. तिथे कायम जागेवर नेमलेली ती पहिली स्त्री शास्त्रज्ञ. १९१३ मध्ये तिची बदली वॉशिंग्टनला झाली. काम काय, तर सडातून नुकत्याच काढलेल्या दुधात कोणते जंतू असतात ते पाहायचं.

आता इथे नीट लक्ष दे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या शरीरात एक जंतू शोधला होता. तो ताप शेळीच्या दुधातून येतो, हे पुढे काही वर्षांनी कळलं. इकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग या पशुवैद्याने १८९७ मध्ये गाई गाभडण्याचं, म्हणजे वासरू अवेळी पडण्याचं, कारण असलेला जंतू शोधला. एक माणसांच्या डॉक्टरांच्या पुस्तकात, दुसरा गुरांच्या डॉक्टरांच्या. एकाचं नाव गोल जंतूंच्या वर्गात घातलेलं, दुसऱ्याचं दांडीसारख्या जंतूंच्या. वीस वर्षं कुणी दोघांना शेजारी ठेवून पाहिलं नाही, कारण एका पुस्तकाचा वाचक दुसरं उघडतच नव्हता. ॲलिसने ते शेजारी ठेवले. वाढ पाहिली, आकार पाहिला, रक्तरसाच्या चाचण्या केल्या, आणि तिच्या लक्षात आलं की हे सख्खे भाऊ आहेत. मग साधा प्रश्न आला: गाईच्या कच्च्या दुधातून हाच जंतू माणसात जात असणार की नाही? १९१७ मध्ये तिने हे जंतुशास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं आणि १९१८ मध्ये छापलं.

कुणाला पटलं नाही. एवढी मोठी गोष्ट खरी असती तर ती आधीच कुणाच्या तरी नजरेला आली असती, असं लोक म्हणाले. थिओबाल्ड स्मिथ हे पशुरोगांतलं तेव्हाचं सर्वांत मोठं नाव. गुरांचा 'टेक्सास ताप' गोचिडांमुळे पसरतो हे त्यांच्या प्रयोगांनी १८९३ मध्ये सिद्ध झालं होतं. तेसुद्धा तिच्या विरोधात होते. दूधधंद्याला तर दूध तापवून थंड करण्याचा खर्च नकोच होता. आणि सांगणारी कोण, तर डॉक्टरेट नसलेली एक बाई. नंदा, मला तिची बुद्धी आवडते, पण त्याहून जास्त आवडते ती तिची चिवट वृत्ती. ती भांडत बसली नाही. नमुने गोळा करत राहिली. हळूहळू इतरांच्या प्रयोगशाळांतून तेच निघू लागलं, दोन्ही जंतू 'ब्रुसेला' या एका नावाखाली आले, १९२८ मध्ये त्याच जंतुशास्त्रज्ञांनी तिला आपल्या संस्थेची पहिली स्त्री अध्यक्ष केलं, आणि १९३० नंतरच्या दशकात तिकडे दूध पाश्चराइज करण्याचे नियम येत गेले.

मधलं एक वर्ष मी मुद्दाम मागे ठेवलं. १९२२. या जंतूंवर काम करता करता तिला स्वतःलाच तो ताप लागला. पुढची वीसेक वर्षं तो येत-जात राहिला. अंगदुखी, घाम, गळून जाणं. आणि डॉक्टर म्हणत, बाईंचं मन दुबळं आहे. नंतर तिच्याच शरीरातून जंतू काढून दाखवल्यावर ते बोलणं थांबलं. १९४५ ला ती निवृत्त झाली आणि १९७५ पर्यंत, चौऱ्याण्णव वर्षं जगली.

तू म्हणशील, ही शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका झाली. पण तुमच्या कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि लोक समोर पिळलेलं धारोष्ण दूध पेला पेला पितात, ते मी तुझ्याबरोबरच पाहिलं आहे. तालमीतल्या पोरांना त्यात ताकद दिसते. मला तो पेला बघितला की ॲलिस आठवते. आपल्याकडे घरोघर दूध उकळायची रीत आहे, तिने आपल्याला किती वाचवलं आहे याचा हिशेब कुणी मांडला नाही. मात्र गोठ्यात राबणाऱ्याला ती रीत पुरत नाही.

मागे एकदा गोरेगावच्या बाजूच्या एका तबेल्यात बोलावणं आलं. आठव्या महिन्यात म्हैस गाभडली होती, वार, म्हणजे वासराबरोबर पडणारी झिल्ली, आत अडकली होती. तिथल्या माणसाने उघड्या हाताने वार ओढून काढली, बादलीत हात विसळला आणि शेजारच्या म्हशीखाली धार काढायला बसला. मी विचारलं, तब्येत कशी आहे? म्हणाला, पावसाळाभर ताप येतो-जातो, मलेरियाच्या गोळ्या खाल्ल्या, टायफॉइडच्या खाल्ल्या, कंबर धरलेलीच आहे. मी म्हशींचं रक्त नेलं आणि त्याला समजावून डॉक्टरांकडून त्याचंही काढवून घेतलं.

या ब्रुसेलाच्या तापासाठी आमची साधी चाचणी असते, रोझ बेंगॉल. पांढऱ्या प्लेटवर रक्तरसाचा, म्हणजे गोठलेल्या रक्तावरच्या पिवळसर पाण्याचा, एक थेंब, शेजारी गुलाबी रंगवलेल्या मृत जंतूंचा एक थेंब. काडीने दोन्ही एकत्र करायचे, प्लेट हलकेच डोलवत चार मिनिटं थांबायचं. निरोगी असेल तर गुलाबी रंग तसाच एकजीव राहतो. रोग असेल तर कडेपासून बारीक गुठळ्या धरू लागतात, दूध नासायला लागतं तशा. म्हशीच्या प्लेटवर गुठळ्या आल्या. त्या माणसाच्याही. ही नुसती पहिली चाळणी, नक्की करायला पुढच्या चाचण्या लागतात, त्या केल्या. डॉक्टरांनी त्याला डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन सहा आठवडे दिलं, आणि तो उठून कामाला लागला. म्हैस बघायला गेलेल्या बाईमुळे माणसाचा ताप सापडला, नंदा. दवाखान्यात पाटी लावून बसले असते तर मी वार काढून, इंजेक्शन देऊन परत आले असते.

धोक्याचं विचारशील, तर लपवून ठेवणार नाही. हा जंतू हवेत उडालेल्या सूक्ष्म तुषारांतून नाकातोंडात जातो. जगभर प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना लागणाऱ्या रोगांत त्याचं नाव वरचं आहे. त्याच्या बारीक, मधाळ रंगाच्या वसाहती जंतू वाढवायच्या प्लेटवर दिसायला कित्येक दिवस लागतात, आणि प्लेट उघडून वास घ्यायची जुन्या लोकांना सवय असायची. आता सुरक्षा कपाटाशिवाय कुणी प्लेट उघडत नाही, उघडूही देत नाही. पण दवाखाना टाकला की पोर सुरक्षित, असं समजू नकोस. खांद्यापर्यंत हात घालून वार काढणारा, वासरांना याच रोगाची एस-१९ नावाची जिवंत लस टोचताना सुई स्वतःच्या बोटात घुसवून घेणारा डॉक्टर याच तापाने आजारी पडतो. निदान आमच्या लोकांना आपण कशाशी खेळतोय ते ठाऊक असतं.

आणि या कामाचं फळ दिसत नाही म्हणतात, तेही मला मान्य नाही. तुझ्या आजीला गुरांची बुळकांडीची साथ ठाऊक होती. गावंच्या गावं बैलांविना व्हायची. त्यासाठी पुण्यात १८८९ मध्ये सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली, ॲल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. वस्तीपासून लांब हवी म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. बुळकांडीचं कारण जंतू नसून विषाणू होता, हे कळायचं होतं तरी लस तिथेच घडत गेली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून गेलेला हा दुसरा रोग. तुझ्या लेकीने तो फक्त पुस्तकात वाचला, एकाही जनावरात पाहिला नाही. गुरांचे घटसर्प, फऱ्या, काळपुळी हे रोग अजून आहेतच, तिला काम पुरून उरेल.

पगाराचं म्हणशील तर कॉलेजात, पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात, लस बनवणाऱ्या कंपन्यांत जागा असतात. श्रीमंती नाही, पण पोट नीट भरतं. लग्नाच्या मुलांना काय सांगायचं, याची काळजी करू नकोस. ज्याला कळेल तोच तिच्या कामाचा.

दिवाळीनंतर तिला माझ्याकडे पाठव. परळला राहील, आमची जागा पाहील. त्याआधी तिला एक काम सांग. मागच्या उन्हाळ्यात तुमच्या गोठ्यातली एक म्हैस गाभडली होती ना, तिचं आणि तिच्या शेजारच्यांचं रक्त तिने स्वतः काढावं. हातमोजे घालून, प्रत्येकीला नवी सुई. रक्त गोठू द्यायचं, वरचं पिवळसर पाणी वेगळ्या नळीत घ्यायचं, नळीवर म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहायचा आणि बर्फाच्या डब्यात घालून घेऊन यायचं. चार ते आठ महिन्यांच्या पारड्या असतील तर त्यांना या रोगाची सरकारी लस टोचून घ्या, डॉक्टर येतील तेव्हा भाऊजींना सांगून ठेव. आणि प्लेटवर काय येतं ते कळेपर्यंत घरातलं दूध उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावू नका, भाऊजींनी कितीही कुरकुर केली तरी.

तुझी,
शैला